खैस्बर्टच्या नावाची चिठ्ठी

आमच्या गावात पाव भाजणारे दोन उरलेत आणि पैसे घेऊन जगायला शिकवणारे कोच अकरा. झोपेचे कोच, घटस्फोटाचे कोच, पोरांच्या अभ्यासाचे कोच, शिवाय कपाट आवरायला शिकवणारी एक बाई. या सगळ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली होती. त्यामुळं ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता नदीच्या बांधावर त्यांच्यातल्याच एकाची वाट बघत उभी राहिले, तेव्हा कुणी ओळखू नये म्हणून टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली होती.

माझं नाव वेंडेलीन, घरचे वेन म्हणतात. मी मुलांसाठी गोष्टी लिहायचे. नऊ पुस्तकं झाली आणि मग तीन वर्षांत एक ओळ नाही. ओळ म्हणजे अक्षरशः ओळ. वाणसामानाची यादीसुद्धा मी फोनला तोंडी सांगायचे, कारण पेन हातात घेतलं की लगेच खाली ठेवायचे. रोज सकाळी टेबलाशी बसायचं, कॉफी गार होईपर्यंत कागदाकडे बघायचं आणि मग उठून भांडी घासायची. गावात माझ्याइतकी लख्ख भांडी कुणाची नसतील. प्रकाशनातली बाई आधी दर महिन्याला फोन करायची, मग वर्षाकाठी, मग बंदच झाली. सप्टेंबरात झोप येत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेले आणि तिथं जी रडायला लागले ती थांबेचना. त्यांनीच रूलॉफचा नंबर दिला.

रूलॉफ साठीचा, ताडमाड, हात लालभडक. तो बसून बोलत नाही, चालत बोलतो. बांधावरून पाच किलोमीटर जायचं आणि परत यायचं, मधे मेंढ्यांची दोन फाटकं.

"तुम्ही आधी काय करत होतात?" मी विचारलं. खरं तर प्रश्न त्यानं विचारायचे होते.

"पुलावर होतो. होडी आली की भोंगा वाजवायची, मी गाड्या थांबवायचो आणि पूल उचलायचो. बत्तीस वर्षं. मग कॅमेरे बसवले. आता आठ पूल एका खोलीतून एक पोरगी उघडते."

"मग कोच झालात."

"मधे दोन वर्षं सोफ्यावर पडून होतो. मग झालो. आणि हे अहो-जाहो सोड, वाऱ्यात परवडत नाही."

सोफा म्हटल्यावर मी टोपी आणखी खाली ओढली. 

त्यानं घरचा अभ्यास दिला. रोज सकाळी दहा वाईट ओळी, उभं राहून, पेन्सिलीनं, आणि लगेच फाडून टाकायच्या.

"वाईट लिहायला मला कोच कशाला हवा?"

"मग सोपंच आहे तुला," तो म्हणाला.

सोपं कसलं! मी ओट्याशी उभी राहायचे, 'मी' एवढं लिहायचे आणि पुढं नाही. तीन आठवड्यांत माझ्याकडं 'मी' लिहिलेले एकवीस कागद झाले. फाडायलासुद्धा त्यात काही नव्हतं. चौथ्या मंगळवारी त्यानं विचारलं, "शेवटचं काय लिहिलं होतंस?" मी म्हणाले, आठवत नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, मेंढ्या बघू." आणि आम्ही खरोखर मेंढ्या बघितल्या. त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं, की हा सगळा आचरटपणा आहे, पुढच्या वेळी जायचं नाही.

पण त्याच रविवारी आईकडं चिठ्ठ्या निघाल्या.

पाच डिसेंबरला सिंट निकोलास येतो, घोड्यावरचा म्हातारा संत, जाड वहीत सगळ्यांच्या खोड्या लिहून ठेवणारा आणि दारावर थापा मारून भेटी ठेवणारा, म्हणजे येत कुणी नाही, त्याच्या नावानं आपणच सगळं करायचं. महिनाभर आधी चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी एक भेट आणि एक यमकं जुळवलेली कविता. कवितेत त्या माणसाच्या वर्षभराच्या खोड्या, जितक्या झोंबतील तितक्या बऱ्या. खाली सही सिंटची. सगळी पुडकी एका गोणीत. ज्याला मिळेल त्यानंच ती सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायची आणि शेवटी 'धन्यवाद, सिंट' म्हणायचं. तोवर पुढचं पुडकं गोणीतून निघत नाही. कुणाला कोण निघालं ते सांगायचं नाही, कविता कुणी लिहिली ते कबूल करायचं नाही. आमच्या घरात हा नियम पन्नास वर्षं कुणी मोडला नव्हता.

माझा भाऊ खैस्बर्ट गेल्यापासून दोन वर्षं आम्ही सिंट केला नव्हता. यंदा त्याची मुलगी फेना हट्टाला पेटली. ती सोळा वर्षांची आहे आणि बापाचा हट्ट तिच्यात पुरेपूर उतरलाय. "बाबा गेल्यापासून आपण नुसतं जेवतो आणि घरी जातो," ती म्हणाली. म्हणून आम्ही चौघी आईच्या टेबलाभोवती बसलो. आई, मी, फेना आणि तिची आई लीडेवाय. ही माझी वहिनी माझ्याशी तीन वर्षं हवापाण्यापलीकडं बोलली नव्हती.

चिठ्ठ्या दरवर्षी आईच करते. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापते आणि सूपाच्या मोठ्या भांड्यात टाकते. भांडं फिरलं. मी चिठ्ठी उचलली, टेबलाखाली उघडली आणि आईच्या तिरक्या अक्षरात वाचलं, खैस्बर्ट.

"काय गं वेन, स्वतःचंच नाव आलं की काय?" आई म्हणाली. "तोंड का असं झालं? तसं असेल तर परत टाक."

"नाही, माझं नाही."

"मग घाल खिशात."

भांडं रिकामं झालं होतं. चार चिठ्ठ्या, चौघीजणी. म्हणजे आईनं लेकाचं नाव लिहिलं होतं आणि आमच्यापैकी कुणाचं तरी विसरली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पंधराच मिनिटांपूर्वी लीडेवाय स्वयंपाकघरात फेनाला सांगत होती, ते मी दारातून ऐकलं होतं, की आईच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या आणि मागच्या आठवड्यात ती बाजारातून घरी यायचा रस्ता चुकली. आता टेबलावर आई खुशीत होती, फेनाला दुसऱ्यांदा बिस्कीट देत होती. तिच्या तोंडावर ही चिठ्ठी मी कशी फेकू? मी ती कोटाच्या खिशात घातली. आईची दया आली हे खरं, पण दुसरंही एक कारण होतं. ते मी मंगळवारी बांधावर रूलॉफला सांगितलं, ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीच्या सिंटला मला खैस्बर्टचीच चिठ्ठी निघाली होती. त्या वर्षी तो सारखा सोफ्यावर पडलेला असायचा. कामावरून आला की झोप, जेवला की झोप. मी घरची लेखिका, मला खाद्य मिळालं. बावीस ओळी लिहिल्या होत्या, त्यातल्या या दोन:

सोफ्यावरती वाढतंय एक झोपेचं हे झाड,
पाणी घाला, खत घाला, फळ देईना द्वाड.

त्यानंच ती वाचली, उभं राहून, नाटकी आवाजात. हसून हसून आम्हाला ठसका लागला आणि सगळ्यात जास्त तोच हसला. दहा दिवसांनी त्याच्या रक्तात कर्करोग सापडला.

"मी एकदाच गेले त्याला भेटायला," मी रूलॉफला म्हणाले. "नाताळच्या आधी. तो म्हणाला, वेन, झोपेचं झाड झकास होतं. आता या आजाराची टर उडव. मस्त झोंबरी लिही, मी इथं सगळ्या वॉर्डाला वाचून दाखवतो. मी म्हणाले, आणते. घरी येऊन बसले आणि जमेना. कविता झाल्याशिवाय जायचं कसं म्हणून गेले नाही. सर्दी झालीय म्हणून कळवलं. मग गाड्या बंद आहेत म्हणून. मग होतच आलीय, दोन ओळी राहिल्यात म्हणून. सहा आठवडे, रूलॉफ. आणि एका गुरुवारी लीडेवायचा फोन आला."

मला वाटलं होतं तो म्हणेल, तुझी चूक नाही. सगळे तेच म्हणतात, म्हणून तर मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं फाटक उघडलं, मला पुढं जाऊ दिलं, मागं कडी लावली.

"किती ओळींची मागितली होती?"

"ओळी कोण मोजतं?"

"आणि किती जमल्या?"

"एकही नाही! तो मरत होता! मरणाऱ्याची टर कशी उडवायची? आधी एकदा उडवली होती, तेव्हा तो मरतच होता आणि मी यमकं जुळवत बसले होते!" मी इतकी ओरडले की मेंढ्या पळाल्या. मग खिशातली चिठ्ठी काढून त्याच्या नाकासमोर धरली. "आणि आता हे बघ. आईनं काय करून ठेवलंय बघ."

त्यानं चिठ्ठी वाचली आणि वारा होता म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून मला परत दिली.

"मग लिहून टाक."

"ऐकलंस ना तू मी काय म्हणाले ते?"

"ऐकलं. पण कवितेखाली सही तुझी नसते. सिंटची असते. तू मधे कशाला येतेस? होडी आली की पुलावरचा माणूस..."

"ते पूल-बिल पुरे!"

"बरं, पुरे," तो म्हणाला. "पुढच्या मंगळवारी बांधावर नको. इस्पितळाच्या दारात ये."

मी नाही म्हणाले. तीनदा म्हणाले. आणि गेले, कारण घरी एकवीस 'मी' माझी वाट बघत होते.

खैस्बर्ट होता ते इस्पितळ नदीपलीकडच्या मोठ्या शहरात आहे. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात मी परत खाली वळले तेव्हा रूलॉफ म्हणाला, "आपण फक्त चालतोय." वरच्या लांब व्हरांड्यात एका नर्सनं विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"भेटायला उशीर झालाय," तो म्हणाला. "आम्ही नुसते चालतोय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "कॉफीचं यंत्र डावीकडे आहे," एवढंच म्हणाली आणि गेली.

आम्ही त्या व्हरांड्यात अकरा फेऱ्या मारल्या. खैस्बर्टची खोली कुठली होती ते मला आठवतही नव्हतं, इतकी थोडी मी तिथं होते. बाराव्या फेरीला मी टोकाच्या खिडकीशी थांबले. खाली बसचा थांबा होता. मी भिंतीवरचं एक पत्रक ओढलं, हात कसे धुवावेत त्याबद्दलचं, आणि म्हणाले, "पेन्सिल दे." त्याच्याकडं सुताराची जाड पेन्सिल होती. खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून मी उभ्याउभ्या लिहिलं. पाऊण तास लागला. आठ ओळी झाल्या. चांगल्या नव्हत्या. एका ठिकाणी यमक ओढूनताणून होतं आणि नाक गळून कागद भिजला होता. रूलॉफ कॉफी पीत पाठ करून उभा होता, त्यानं वाचायला मागितली नाही.

गोष्ट इथं संपली असती तर कोच लोकांची जाहिरात झाली असती. घरी आले आणि ती सुधारायला बसले. सुधारता सुधारता तिचं पार वाटोळं केलं. मग कचऱ्यात टाकली, मग कचऱ्यातून काढली, कॉफीच्या गाळानं डागाळलेली. पण कवितेची भीती कमीच होती, खरी भीती पुडक्यावरच्या नावाची होती. आईच्या घरात, लीडेवायच्या समोर, मेलेल्या माणसाच्या नावाचं पुडकं गोणीतून निघणार. आई मोडून पडेल. फेना रडेल. आणि लीडेवाय मला दाराबाहेर काढेल, काढावंच तिनं. मी पुडक्यावर 'आई' लिहिलं, खोडलं, 'फेना' लिहिलं, खोडलं. चार तारखेला दुपारी रूलॉफला फोन केला.

"मी नाही जात उद्या. मला सर्दी झालीय."

"मग जाऊ नकोस," तो म्हणाला. "मागच्या वेळीही सर्दीच झाली होती."

मी त्याला एक शिवी दिली, इथं लिहिण्यासारखी नाही, आणि फोन आपटला. मग पुडक्यावर नवा कागद चढवला आणि मोठ्या अक्षरात खैस्बर्ट लिहिलं.

आई लवकर दमते म्हणून पाच तारखेला आम्ही पाचलाच बसलो. वाटाण्याचं सूप झालं, प्रत्येकीपुढं तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट होतं. पोत्याच्या कापडाची जुनी गोणी खुर्चीवर. दारातून येताना मी माझं पुडकं सगळ्यांत खाली सरकवलं होतं.

पहिलं फेनाचं निघालं. तिच्या खोलीतल्या पसाऱ्यावर आईनं लिहिलेल्या सहा ओळी, त्यातल्या दोन सारख्याच होत्या. फेनानं दोन्ही वाचल्या आणि आजीला कळू दिलं नाही. दुसरं लीडेवायचं. आपल्या रागीट गाडी चालवण्याबद्दल तिनं खडखडीत आवाजात वाचलं आणि फेना खिदळली. तिसरं माझं निघालं. मी पाकीट उघडलं, अक्षर छापील काढलेलं होतं. पण पहिलं पुडकं आईनं केलं होतं, दुसरं फेनानं, ते आता उघड होतं. उरली होती फक्त लीडेवाय. मी वाचायला सुरुवात केली.

वेन, सिंटला कविता येत नाही, तू हसशील, हस.
खिडकीपाशी एकजण म्हणायचा, 'बघ गं, आली का बस?'
बस यायची, बस जायची, उतरायची माणसं चार.
सिंट विचारतो, वेन बाई, तुझा होता कुठला वार?

शेवटच्या ओळीला माझा आवाज गेला. नियम असा, की पूर्ण वाचायचं. मी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, शेवटपर्यंत. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. लीडेवाय आपल्या चॉकलेटच्या अक्षराचा कोपरा मोडत होती. तो रोज त्या खिडकीशी बसत होता, हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

"धन्यवाद, सिंट," मी म्हणाले.

आईनं गोणीत हात घातला. शेवटचं पुडकं काढलं, चष्मा नव्हता म्हणून लांब धरलं आणि अगदी सहज म्हणाली, "खैस्बर्ट. हे खैस्बर्टचं. कुठं गेला तो?"

आईनं खोलीभर बघितलं, एकेका खुर्चीकडं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर सगळं परत आलं. मी ते येताना पाहिलं. ते मला पुन्हा कधी बघायचं नाही.

"मी त्याचं नाव घातलं का गं?" ती म्हणाली. "मी घातलं का?"

"आई, असू दे," मी म्हणाले. "मी बदलायला हवं होतं, मी..."

"इकडं द्या," लीडेवाय म्हणाली. तिनं आईच्या हातातून पुडकं घेतलं, कागद उलगडला आणि उभी राहिली. खैस्बर्ट उभं राहून वाचायचा. तिनं वाचलं.

खैस्बर्ट, सिंटनं वही उघडली, वही आहे जाड,
तुझ्या पानावर शेरा होता, 'झोपेचं हे झाड.'
सिंट म्हातारा, सिंट आंधळा, घोड्यावरती बसला,
दमलेल्याला आळशी म्हणून चारचौघांत हसला.
तीन वर्षांचा उशीर झाला, घोडा नव्हता आजारी,
सिंटच भित्रा, जिना चढेना, बसला खालच्या दारी.
मोजे धाडतो लोकरीचे, पाय तुझे ते गार,
याहून जास्त सिंटला काही जमत नाही फार.

मोज्यांचा जोड तिच्या हातात होता. राखाडी, जाड. तिनं तो उलटा-पालटा करून पाहिला.

"सिंट," ती छताकडं बघून म्हणाली, माझ्याकडं नाही. "तू फार उशिरा आलास. त्याला कविता नको होती रे. नुसता आला असतास, रिकाम्या हातानं, तरी चाललं असतं. तो रोज म्हणायचा, हिला कुणीतरी सांगा, नसेल जमत तर तशीच ये म्हणावं. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, तिचं तिला कळू दे. ते माझ्या पानावर लिही."

फेना रडत होती. मीही. आईनं टेबलावर बोटानं टकटक केलं.

"धन्यवाद म्हण," ती लीडेवायला म्हणाली. "नाहीतर पुढचं पुडकं निघायचं नाही."

"धन्यवाद, सिंट," लीडेवाय म्हणाली आणि खाली बसली. मोजे तिनं मांडीवर ठेवले.

आईनं गोणीत हात घातला. मग दुसरा घातला. गोणी उलटी केली, दोन बारीक मसाल्याची बिस्किटं जमिनीवर पडली. ती गोणीच्या आत बघत राहिली. आमच्या तिघींच्या मांडीवर काही ना काही होतं.

"झालं वाटतं," आई म्हणाली. तिला कळलं होतं आपण कुणाचं नाव विसरलो ते. तिनं गोणीची नीट घडी घालायला घेतली.

मी उठले. "सूप बंद करून येते," म्हणाले. सूप केव्हाच बंद होतं. स्वयंपाकघरात पावाच्या डब्याचं झाकण अर्धं उघडं होतं आणि आत, पावाशेजारी, आईचा चष्मा होता. मी ओट्यावर सांडलेलं पीठ हातानं बाजूला केलं, कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान फाडलं आणि त्याच्या मागं लिहायला लागले. काय लिहायचं ते लगेच सुचलं आणि सुचल्याबरोबर हात थांबला. पुन्हा तेच. पुन्हा आजाराचीच टर, आणि या वेळी मला ठाऊक होतं तो आजार आहे ते. तेवढ्यात बाहेरून गोणीची घडी घालण्याचा आवाज थांबला आणि मला भीती वाटली, की आई आता उठून आपल्या खोलीत जाईल. मी भराभर लिहून काढलं. चष्मा पावाच्या कागदात गुंडाळला, वर दोरा बांधला, आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन पुढच्या दारावर जोरात तीन थापा मारल्या, सिंट मारतो तशा. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बुटांशिवाय, नुसत्या मोज्यांवर, डिसेंबरच्या गारठ्यात.

फेनानं दार उघडलं, पायरीवरचं पुडकं उचललं. मी मागच्या दारानं परत येऊन खुर्चीवर बसले तेव्हा ते आईच्या हातात होतं.

"माझं?" आई म्हणाली.

"आधी कविता, आजी," फेना म्हणाली. "मग भेट."

"चष्म्याशिवाय कशी वाचू? सकाळपासून शोधतेय मेला."

"मग आज नियम मोड," लीडेवाय म्हणाली.

आईनं दोरा सोडला, कागद उलगडला, आपलाच चष्मा बघितला, आणि एवढ्या जोरात हसली की आम्ही दचकलो. मग तो नाकावर चढवला, त्यावर पावाचे कण होते, आणि वाचायला लागली, सावकाश, शब्दाशब्दावर थांबत.

आईनं चिठ्ठ्या केल्या चार, स्वतःला गेली विसरून,
चष्मा ठेवते पावाच्या डब्यात, शोधते घर विंचरून.
विसर आई, खुशाल विसर, किल्ली, वार नि नाव,
सिंट येऊन रोज सांगेल, हेच तुझं गं गाव.

तिनं कागद खाली ठेवला. तो पालथा होता, नोव्हेंबरचे सगळे दिवस वर.

"धन्यवाद, सिंट," आई म्हणाली. मग तिनं चष्म्यावरून सरळ माझ्याकडं पाहिलं. "रोज म्हणालायस. उद्या किती वाजता येणार?"

सिंट उत्तर देत नसतो. पन्नास वर्षांत आमच्या घरात कुणी दिलं नव्हतं. लीडेवाय माझ्याकडं बघत होती.

"दहा वाजता," मी म्हणाले.